बाहेर चपलांचे दोन जोड

३ जून

धाकटे,

फोनवर आपलं कधीच धड बोलणं होत नाही. तू म्हणतेस मी मधेच तोडते, मी म्हणते तू फाटे फोडतेस. म्हणून हे पत्र. पत्रात मला तुला तोडता येणार नाही आणि तुला मुद्दा सोडून पळता येणार नाही. बघू कोण टिकतं ते.

बातमी अशी की विद्यापीठाने मला व्याख्यानाला उभं केलं होतं. विषय: संशोधन करणाऱ्यांना त्रास, छेडछाड, दमदाटी होणार नाही अशी कामाची जागा कशी राखायची. एवढ्या विभागांतून माझीच निवड झाली, कारण माझ्या प्रयोगशाळेतून आजवर एकही तक्रार गेलेली नाही. मी व्यासपीठावरून सांगितलं, "आमच्याकडे तसलं काही नाही. आमचं घरच आहे." माझी मुलं-मुली पहिल्या दोन रांगांत बसली होती. माझा उजवा हात तर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

उजवा हात कोण, हे तू विचारशीलच. माझा वरिष्ठ सहायक गं. अंधारात उजळणाऱ्या बुरशीचा उजेड मोजायला आमच्याकडे जो कॅमेरा आहे, तो फक्त त्याचं ऐकतो. ऑक्टोबरात तपासणीला बाहेरचे लोक येणार आहेत. त्यांना काम पटलं तर पुढची पाच वर्षं अनुदान, नाही तर प्रयोगशाळेला कुलूप. पण तो असल्यावर मला घोर नाही.

आणि माझ्या मुली तर काय सांगू. अंधारखोलीत धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर काढायच्या असतात. जाता-येता बघावं तर दाराशी नेहमी दोन जोड. काम एकीचं असलं तरी दुसरी सोबत जातेच. उंच आणि चिमणी या दोघींचं तर विशेषच. उंच म्हणजे खरोखरच उंच, दाराच्या चौकटीला नमस्कार करून आत येते. चिमणी नवी आहे, बारीक आवाजाची, पण हुशारी अशी की बोट लावावं तिथे उत्तर. असा एकोपा मी आमच्या वेळी पाहिला नाही.

तुझ्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं कसं चाललंय? अजून सगळ्यांवर ओरडतेस का?

तुझी,
ताई


११ जून

ताईसाहेब, व्याख्यात्या, इत्यादी इत्यादी,

पत्र मिळालं. एवढी स्वतःची आरती तू फोनवर ओवाळली असतीस तर मी फोन ठेवून चहा करून आले असते. पत्र म्हणून पूर्ण वाचावी लागली.

मी ओरडत नाही. माझा आवाज तेवढाच आहे. समोरून ट्रक येत असताना "बाळा, जमलं तर ब्रेक दाबतेस का" असं म्हणायला मी काही बुरशी शिकवत नाही.

तुझ्या मुलींचं मात्र मला कळलं. एकोपा कसला डोंबलाचा, त्यांना अंधाराची भीती वाटते. मला विचार, लहानपणी माळ्यावरची उशी आणायची तर मी तुला ओढत नेत होते आणि वर "ताईला एकटीला भीती वाटेल म्हणून मी जाते" असं आईला सांगत होते. सोबत एक छोटी बॅटरी पाठवते आहे. मुलींना दे.

आणि तू शिकायला कधी येतेस? एवढी मोठी प्रयोगशाळा चालवतेस आणि भाजी आणायला रिक्षा शोधत उभी राहतेस. लोक मला विचारतात, तुमची बहीण ना ती? मी म्हणते, चुलत.

तुझी (सख्खी),
धाकटी


३० जून

धाकटे,

बॅटरी परत पाठवते आहे. अगं, अंधारखोलीत बॅटरी म्हणजे ताकात मीठ नव्हे, ताकात रॉकेल. तिथे काजव्याएवढा उजेड शिरला तरी दिवसभराचं मोजमाप वाया जातं.

पण तुझ्या पत्रामुळे मी विचार करायला लागले. भीती असो की एकोपा, एका कामाला दोन माणसं हे काही बरोबर नाही. एक कॅमेऱ्याला, दुसरी नुसती बसून. तपासणी तोंडावर आलेली. म्हणून मी नियम केला: अंधारखोलीत एका वेळी एकच. उजव्या हाताने तर हे मला केव्हाच सुचवलं होतं. म्हणाला, "मॅडम, गर्दीने खोली तापते. मी असतोच की मदतीला."

आणि काय झालं असेल? मुली गप्पच झाल्या. आधी जेवणाच्या सुट्टीत कल्ला असायचा, आता डबे उघडल्याचा आवाज येतो. अंधारखोलीची पाळी आली की एकीचं डोकं दुखतं, दुसरीला ग्रंथालयात काम निघतं. काल तर चिमणीने येऊन सांगितलं की तिला दुसऱ्या विभागात जायचं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, विषय झेपत नाही. हिला झेपत नाही? जी बुरशीशी बोलते असं मला वाटायचं, तिला?

मी तिला अर्धा तास समजावलं. कष्टाशिवाय काही मिळत नाही, आम्ही काय काय सोसलं, सगळं सांगितलं. ती मान हलवत होती. जाताना अर्ज टेबलावर ठेवून गेली. खरं सांगू, मला राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. या पोरीत मला माझ्यानंतरची मी दिसत होते.

अर्जावर सही करायला महिनाभराची मुदत आहे.

ताई


८ जुलै

ताई,

तू चिमणीला अर्धा तास समजावलंस हे वाचून मला त्या पोरीची दया आली. तुझी अर्धा तासाची समजावणी मी बारावीत ऐकलेली आहे. त्यानंतर मला इंजिनिअर व्हायचंच नव्हतं.

जाऊ दे, हसवते तुला. तुझ्या दोन-दोन चपलांवरून आठवलं. गेल्या वर्षी मी एक नवा शिक्षक ठेवला होता. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, आईबाप खूश. पण त्याच्या गाडीला एक विचित्र रोग जडला. मागची सीट भरायला लागली. शिकायला येणार एक मुलगी, आणि मागे कोणी ना कोणी. आज भाऊ, उद्या मैत्रीण, परवा मावशी स्वेटर विणत. एकीने तर आजोबांना आणलं, ते पूर्ण वेळ घोरत होते. मी वैतागले. म्हटलं, ही काय सहलीची बस आहे? पाटी लावली: मागे बसणाऱ्यांना मनाई. तर मुलीच यायच्या बंद झाल्या. पुढे तो दुसऱ्या गावी नोकरीला गेला, आणि गंमत बघ, त्या गाडीवर मी बसू लागले तर मागची सीट रिकामी. मी एवढी ओरडते, तरी कोणी सोबत आणत नाही. मला वाटलं, चला, पाटी कामाला आली.

तर लोकांचं हे असं असतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. चिमणी येईल परत.

धाकटी


१२ जुलै

धाकटे,

तुझं पत्र हसायला म्हणून उघडलं आणि माझ्या हातातला चहा गार झाला.

मला एवढंच सांग. तुझ्याकडे तेव्हा दुसरे शिक्षकही होते ना? त्यांच्या गाडीत मागे कोणी बसायचं का?

मी का विचारते आहे ते सांगते. मे महिन्यात उजवा हात भावाच्या लग्नाला आठवडाभर गेला होता. त्या आठवड्यात मी एकदा अंधारखोलीवरून गेले तेव्हा दाराशी एकच जोड होता. उंचचा, तिच्या चपला नावेएवढ्या असतात, ओळखू येतात. मी तेव्हा म्हटलं होतं, अरे वा, आज एकटीच. आणि पुढे चालत गेले.

लवकर लिही.

ताई


१६ जुलै

ताई,

नाही. बाकी कोणाच्याच गाडीत मागे कोणी बसत नव्हतं.

तुझं पत्र आलं तशी मी तडक त्या आजोबावाल्या मुलीकडे गेले. ती आता पावांची गाडी चालवते, घरोघर माल पोचवते. मी विचारलं. ती गाडीला टेकून उभी राहिली आणि सरळ सांगितलं. गिअर शिकवताना हात हातावर ठेवायचा, आणि मग उचलायचाच नाही. पट्टा लावून देतो म्हणायचा. रस्ता सुनसान बघून न्यायचा. मी म्हटलं, अगं मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "बाई, तुम्ही पाटी लावलीत. विचारलं कुठे?"

ताई, मला तिथेच रस्त्यावर रडू आलं. त्या पोरीने मला एक पाव दिला. मी खाल्ला पण.

पाटी मी काल उतरवली, आणि तो जिथे शिकवतो तिथल्या मालकाला आज सगळं कळवते आहे. ती मुलगी म्हणाली, माझं नाव घाला, मी भीत नाही. आता तू काय करायचं ते सांगते, धाकटी असले तरी. मुलींना केबिनमध्ये बोलवू नकोस, तिथे तुझी ती मोठी खुर्ची आहे. तूच त्यांच्याकडे जा. आधी तुझा नियम मागे घे. आणि मग, हे तुला कठीण जाईल, गप्प बस. तू प्रश्न विचारतेस आणि उत्तरही तूच देऊन टाकतेस. मी शेजारच्या सीटवर बसते ना, तेव्हा पायाखाली माझा वेगळा ब्रेक असतो. तुझा ब्रेक तोंडाला लाव.

धाकटी


२ ऑगस्ट

धाकटे,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्याआधी करायचं बरंच होतं.

तू सांगितलंस तसंच केलं. अंधारखोलीबाहेर चपला काढायला एक बुटका बाक आहे. उंच आणि चिमणी तिथे बसल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. गुडघे हनुवटीला लागले, पण बसले. म्हटलं, माझा नियम चुकला, आजपासून रद्द. तुम्ही दोघी दोघी का जात होतात, हे मला ऐकायचं आहे. आणि गप्प बसले. धाकटे, गप्प बसणं इतकं लांबलचक असतं हे मला माहीत नव्हतं. जिभेवर वाक्यं नुसती रांगेत उभी होती.

शेवटी उंच बोलली. तुझ्या गाडीत गिअर, आमच्याकडे कॅमेऱ्याची कळ. हातावर हात. "अजून शिकायचंय तुला" म्हणत कानाशी येऊन बोलणं. नको म्हटलं तर पुढच्या महिन्यात कॅमेऱ्याची पाळीच न देणं. आणि उजेड शिरतो या नावाखाली दाराला आतून कडी. मग मुलींनीच आपसात ठरवलं होतं: एकटीने जायचं नाही. नव्या येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी हेच सांगायचं. ज्याला मी व्यासपीठावरून आमचं घर म्हणत होते, त्या घरात मुलींनी आपली राखण आपणच लावलेली होती. आणि ती मी मोडली. चिमणीने अर्ज दिला त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्या नियमाप्रमाणे एकटी आत गेली होती.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. चिमणी खाली बघत म्हणाली, "मॅडम, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आमच्याकडे तसलं काही नाही. आणि ते टाळ्या वाजवत होते."

मला इतकी लाज आजवर कशाची वाटली नव्हती.

आता जे लिहिते ते तुलाच सांगते. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात ऑक्टोबर आला. कॅमेरा त्याच्याशिवाय कोणाला येत नाही. तो गेला तर तपासणीला दाखवायचं काय? आणि त्या पोरीने ते ओळखलं असावं. ती म्हणाली, "मॅडम, तपासणी झाल्यावर तक्रार केली तरी चालेल. आम्ही तोवर दोघी जाऊ."

तिने मला सवलत दिली गं. जिला मी अर्धा तास कष्टांवर व्याख्यान दिलं, तिने मला. मी म्हटलं, नाही चालणार. अनुदान गेलं तर गेलं. तुझी तयारी असेल तर आजच जाऊ, नसेल तर तुझी होईल तेव्हा, पण माझ्यासाठी थांबायचं नाही. दोघी एकमेकींकडे बघून उठल्या आणि चपला घातल्या.

विद्यापीठाच्या तक्रार समितीकडे आम्ही तिघी चालत गेलो. मी बाहेर बसले, कारण चौकशी मी करायची नाही, ती त्यांची. चौकशी होईतो त्याला प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी आहे. विभागातले काही जण म्हणतात, राईचा पर्वत केला. एक जण म्हणाला, ऐन वेळी उजवा हात तोडलात मॅडम. मी म्हटलं, डाव्याने लिहायला शिकेन.

बोलले खरी, पण कॅमेरा बंद पडून आहे आणि माझी झोप उडाली आहे.

ताई


९ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र मी माझ्या सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवलं. कॅमेऱ्याचा भाग वगळला, तो कोणाला कळला नसता.

तू चांगलं केलंस. हे मी पुन्हा लिहिणार नाही, नाही तर तू फ्रेम करून लावशील.

कॅमेऱ्याचं काय एवढं? माझा मेकॅनिक पाठवते. तो म्हणतो, वायर आहे ना, मग होईल. तुमच्या बुरशीला स्टार्टर नसतो हे त्याला सांगून बघितलं, तर म्हणाला बॅटरी बघू. येऊ दे का?

इकडे मीही सुधारणा केली आहे. पाटी होती तिथे नवी लावली: मागे कोणालाही बसवा. आणि प्रत्येक नव्या मुलीला तिसऱ्या दिवशी मी स्वतः गाठून विचारते, कसं वाटतंय. पहिल्या मुलीने सांगितलं, शिक्षक छान आहेत, फक्त तुमची भीती वाटते. आता यावर काय करावं ते समितीला विचारून कळव.

चिमणीला माझा आशीर्वाद. उंचला पण, पण तो तिला खुर्चीवर चढून द्यावा लागेल.

धाकटी


२० ऑक्टोबर

धाकटे,

मेकॅनिकला पाठवू नकोस. बस आणि ऐक.

मी कॅमेऱ्याच्या कंपनीला विनवण्या करत होते, तेव्हा एक दिवस उंच आणि चिमणी आल्या. म्हणाल्या, मॅडम, आम्ही लावून बघू का? मी म्हटलं, अगं तो फक्त त्यालाच येतो. उंच म्हणाली, असं तेच म्हणायचे. तुला आठवतं, मी चिडले होते की एक काम करते आणि दुसरी नुसती बसते? ती दुसरी नुसती बसत नव्हती. तिचं काम होतं त्याच्या हातांवर नजर ठेवणं. दोन वर्षं माझ्या मुली आळीपाळीने त्याचे हात बघत होत्या, चिमणी आली तशी तीही. कोणती कळ आधी, कोणती नंतर, कुठे थांबायचं, सगळं पाठ. तिसऱ्या प्रयत्नाला कॅमेरा सुरू झाला आणि पडद्यावर बुरशी हिरवीगार उजळली. मी त्या अंधारात ढसाढसा रडले. अंधार असल्यामुळे इज्जत राहिली.

तपासणीचे लोक महिन्याच्या सुरुवातीलाच येऊन गेले. त्यातल्या एक बाई फार कडक, हसणं म्हणून नाही. त्यांनी विचारलं, तुमची मोजमापं एवढी निर्दोष कशी? चिमणी म्हणाली, प्रत्येक वेळी दोघींनी बघितलंय म्हणून. बाईंनी विचारलं, ही पद्धत कोणी बसवली? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सगळं सांगितलं. पद्धत मुलींनी बसवली, का बसवली, मी ती कशी मोडली, आणि आता काय चाललंय. आमच्या विभागप्रमुखांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी मी एकटी जात होते." आणि पुढचं पान उलटलं.

अनुदान मिळालं. समितीचा निकालही लागला, मुलींचं म्हणणं खरं ठरलं आणि त्याची नोकरी गेली. पण एवढ्याने हिशेब मिटत नाही. चिमणीचं त्या जून महिन्यात गेलेलं हसू कोणत्या अनुदानात भरून येणार? ते आता येतंय हळूहळू, तिच्या चालीने. अर्ज तिने मुदत संपण्याआधीच स्वतः येऊन परत मागितला होता. मी मुकाट्याने दिला, बघ, एक शब्द बोलले नाही.

अंधारखोलीची कडी काढून टाकली. दाराला आतून-बाहेरून दोन जाड काळे पडदे लावले, उजेडाचा कण शिरत नाही. म्हणजे कडीची गरज कधी नव्हतीच. आणि पुढच्या आठवड्यात नव्या मुलांसमोर मला पुन्हा व्याख्यान द्यायचं आहे. यंदा "आमच्याकडे तसलं काही नाही" म्हणणार नाही. झालं होतं, इथे, असं सांगणार आहे. मुलींनी त्यांचं नाव न घेता सांगायला होकार दिला. चिमणी म्हणाली, माझं घेतलं तरी चालेल.

आज दुपारी अंधारखोलीवरून गेले. दाराशी चपलांचा एकच जोड होता, छोटासा, निळ्या पट्ट्यांचा. आतून गाण्याचा आवाज येत होता. धाकटे, इतकं बेसूर गाणं मी जन्मात ऐकलं नाही. संपेपर्यंत बाकावर बसून राहिले.

दिवाणखान्यातल्या कपाटावर तुझी ती बॅटरी सापडली, परत पाठवायची राहूनच गेली होती, ठेवून घेते. आणि हो, सुट्टीत गाडी शिकायला येते म्हणते. पण तू शेजारी बसून ओरडणार असशील तर मागच्या सीटवर मी उंचला बसवीन. चालेल का?

ताई


२७ ऑक्टोबर

ताई,

ये. एल लिहिलेली गाडी धुऊन ठेवली आहे, आणि शेजारच्यांना त्या दिवशी मुलं घरात ठेवायला सांगितलं आहे.

मागे ज्याला बसवायचं त्याला बसव. उंचला बसव, चिमणीला बसव, ती घोरणारे आजोबा आणणारी पोर म्हणते मी पण येते, पाव घेऊन. फक्त का बसवलंस ते मी विचारीन. आणि तू सांगशील तेव्हा मी मधे बोलणार नाही.

तुझी,
धाकटी